पुण्याजवळच्या धरणांकाठचे सायकल मार्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेला जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात एक धरण आहे. मुठेवर खडकवासला आणि टेमघर, आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, मुळेवर मुळशी, पवनेवर पवना, आणि दक्षिणेला भोरजवळ वेळवंडीवर भाटघर. रोड बाइकवाल्यांसाठी शहराच्या इतक्या जवळ इतके चांगले रस्ते फार थोड्या ठिकाणी असतील. खालची उत्तरं साध्या रोड बाइकसाठी किंवा बारीक टायरच्या हायब्रिड सायकलसाठी आहेत. अंतरं अंदाजे आहेत. तुमचं घर हडपसरला असेल तर आकडे वाढवून धरा.

धरणाकडची पहिलीच राइड आहे. कुठे जाऊ?

पानशेत रस्त्यानं खानापूरपर्यंत जा आणि परत या. स्वारगेटहून जाऊन-येऊन ५५ किलोमीटरच्या आसपास होतात. सिंहगड रोडनं खडकवासला गाठा, धरणाची भिंत मागे टाका, डोणजे फाट्याला सिंहगडाकडे न वळता सरळ चला. उजव्या हाताला बराच वेळ पाणी सोबत राहतं. चढ आहेत पण लांब नाहीत, आणि कंटाळा आला तर कुठूनही मागे फिरता येतं. खानापूरला पोहे-चहा मिळतो. पाय अजून ताजे असतील तर पुढे पानशेतपर्यंत जा. मग एकूण अंतर ८० होतं.

फक्त रविवारी उशिरा निघू नका. पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासला चौपाटीवर कणीस-भज्यांच्या गाड्या आणि आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारी यांतून सायकल काढणं जिकिरीचं होतं. मोटारीचं दार अचानक उघडतं, तो इथला सर्वांत मोठा धोका. पहाटे साडेपाचला निघा आणि परतताना दहाच्या आत चौपाटी ओलांडा.

नकाशावर रस्ता पाण्याच्या काठानं सपाट दिसतो. मग इतकी दमछाक का होते?

कारण तो सपाट नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खोऱ्यातली जुनी वाट नदीच्या काठानं, भातखाचरांच्या कडेनं जायची. धरण झालं आणि ती वाट गावांसकट पाण्याखाली गेली. मुळशीत तर त्या बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. आज आपण ज्या रस्त्यावरून जातो तो नंतर पाणीपातळीच्या वर, डोंगराच्या उतारावर काढलेला आहे. डोंगरावरून उतरणारा प्रत्येक ओढा त्याला ओलांडावा लागतो. म्हणजे ओढ्याकडे उतार, मोरी, आणि लगेच पलीकडच्या सोंडेवर चढ. पुढच्या ओढ्याला पुन्हा तेच. एकेक चढ वीस-तीस मीटरचाच असतो, पण असे पंधरा झाले की एका घाटाएवढी उंची चढून होते आणि घाट चढल्याचं समाधानही मिळत नाही.

यावर उपाय दोन. पहिला, उतार संपण्याच्या आधीच गिअर हलका करा. मोरीवर वेग असताना जड गिअरमध्ये राहिलात तर चढाच्या मध्यावर चेनवर पूर्ण जोर असताना गिअर बदलावा लागतो, आणि चेन उतरते ती तेव्हाच. दुसरा, प्रत्येक छोट्या चढावर उभं राहून जोर लावू नका. पहिल्या तासात ते छान वाटतं, तिसऱ्या तासात मांड्यांत गोळे येतात. राइड ठरवताना किलोमीटरबरोबर एकूण चढाईही बघा. तुमचं सपाटीवरचं ८० किलोमीटर आणि मुळशीचं ८० किलोमीटर एक नाही.

गोल फेरी करायची आहे, त्याच रस्त्यानं परत यायचं नाही. कोणते पर्याय आहेत?

इथं प्रत्येक खोरं वेगळं आहे. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधली डोंगररांग ओलांडावीच लागते. त्यामुळे गोल फेरीत किमान एक खिंड किंवा घाट आलाच. आम्ही तीन फेऱ्या सुचवतो.

पवना फेरी ही आमच्या मते सगळ्यांत सुंदर. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा छोटा घाट, पौड. पौडहून उजवीकडे कोळवण, मग हाडशी, तिथून चढ घेऊन जवणला उतरायचं. आता तुम्ही पवनेच्या खोऱ्यात आलात. तिकोना पेठेतून पवनानगर आणि तिथून कामशेत. पुढे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं वडगाव, तळेगाव, देहूरोड, निगडी. एकूण ११५ ते १२० किलोमीटर. ही फेरी याच दिशेनं करा. पिरंगुटच्या कारखान्यांची वाहतूक सुरू होण्याआधी, म्हणजे सातच्या आत, तुम्ही पिरंगुट ओलांडलेलं असतं. जड चढ पहिल्या निम्म्यात संपतो. आणि दमलात किंवा सायकल बिघडली तर कामशेतला लोकल आहे. उलट दिशेनं गेलात तर शेवटचे तीस किलोमीटर भर वाहतुकीत, भुकूम-भूगावच्या कोंडीत काढावे लागतात. उन्हाळ्यात पवनेचं पाणी खूप उतरलं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं.

पाबे घाट फेरी लहान पण कसदार. खानापूरपर्यंत पानशेत रस्ता, तिथून डावीकडे पाबे घाट चढून वेल्ह्याच्या बाजूला उतरायचं, विंझरवरून नसरापूर, मग महामार्गाच्या सेवारस्त्यानं खेड शिवापूर आणि जुन्या कात्रज घाटानं पुण्यात. शंभरच्या आसपास. घाट उतरताना वळणांवर बारीक खडी पसरलेली असते. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही.

भाटघरसाठी जुना कात्रज घाट, नसरापूर, कापूरहोळ, आणि तिथून उजवीकडे भोर रस्ता. कापूरहोळनंतर वाहतूक एकदम कमी होते आणि धरणाचं पाणी लागतं. १९२८ साली पूर्ण झालेलं हे धरण लॉइड धरण म्हणून ओळखलं जायचं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. ही गोल फेरी नाही, गेलात तसेच परत या. पण भोरच्या अलीकडे नीरा नदीचं ते प्रसिद्ध वळण, नेकलेस पॉइंट, बघायला थांबा.

कात्रजचा नवा बोगदा चालेल का? आणि एक्स्प्रेस वे?

एक्स्प्रेस वेवर सायकलला पूर्ण बंदी आहे. नव्या बोगद्यातून जाऊ नका. आत आवाज, धूर आणि वेग तिन्ही जास्त, आणि उजेडातून अंधारात शिरलेल्या ट्रकचालकाला तुम्ही दिसत नाही. जुना कात्रज घाट सोपा आहे, चढ एकसारखा आहे आणि वर छोटासा जुना बोगदा आहे. तिथंही मागचा लाल दिवा चालू ठेवा.

वारा कुठून असतो?

उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्यात बहुतेक वेळ पश्चिमेकडून. आपली धरणंही पश्चिमेलाच, हे सायकलवाल्यांचं भाग्य. पहाटे वारा पडलेला असताना धरणाकडे जायचं आणि परतताना वारा पाठीशी घ्यायचा. दुपारी तीनला पुण्यातून निघून मुळशी गाठायची योजना आखली तर हाच वारा तोंडावर येतो आणि ताशी चार-पाच किलोमीटर वेग खातो. हिवाळ्यात वारा मंद असतो, त्याचा विचार करायला नको.

माझ्या सायकलचे गिअर पुरतील का?

पुढच्या दोन दातेरी चकत्यांना ५० आणि ३४ दात (५०/३४) आणि मागच्या संचात ११ ते ३२ दात (११-३२) असतील तर इथल्या सगळ्या डांबरी चढांना पुरेल. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, म्हणजे ३४ ला ३२, मिनिटाला ६० पेडल मारलीत तर वेग ताशी ८ किलोमीटर पडतो. तुमचं वजन ७० किलो आणि सायकल-सामान १० किलो धरलं तर दहा टक्के चढावर या वेगाला साधारण १८५ वॉट लागतात. सराव असलेल्या माणसाला ते झेपतं. जुन्या सायकलींवर ३९ ला २८ असतं. तिथं त्याच पेडलगतीला वेग साडेदहा होतो आणि अडीचशे वॉटच्या जवळ जावं लागतं. तेवढा जोर नसला की पेडल मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. घाटानंतर गुडघ्याची वाटी दुखते अशी तक्रार असेल तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बदला, मग गोळ्या-मलमांकडे वळा. ११-३४ लावायची तर मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का ते दुकानात तपासून घ्या, आणि चेन लांब लागेल हे धरून चाला.

लवासाचा टेमघरकडून चढ आणि सिंहगड, या दोन ठिकाणी हलका गिअर नसेल तर जाऊ नका. सिंहगड पायथ्यापासून सुमारे ९ किलोमीटर आहे आणि शेवटचा टप्पा सर्वांत तीव्र.

टायर कोणते, हवा किती?

२८ मिलिमीटर. २३ चे दिवस गेले, आणि गावातल्या रस्त्यांवर ते कधीच योग्य नव्हते. फ्रेममध्ये मावत असतील तर ३० किंवा ३२ आणखी चांगले. ७० किलो वजनाच्या माणसाला २८ च्या ट्यूब टायरमध्ये मागे ७५ ते ८० आणि पुढे ७० पीएसआय पुरे. पावसात दोन्हीकडून ५ कमी करा. टायरच्या कडेला जो कमाल आकडा छापलेला असतो तेवढी हवा भरायची सवय सोडा. कडक टायर खराब डांबरावर उड्या मारतो, पकड जाते आणि हात बधिर होतात.

गावात पंक्चर झालं तर?

पंक्चरची दुकानं फाट्या-फाट्यावर आहेत, पण ती मोटरसायकल आणि ट्रॅक्टरची. रोड बाइकच्या ट्यूबला बारीक पितळी प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि दुकानाच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो कायम पाकिटात ठेवा. व्हॉल्व्हच्या टोकाची बारीक नट सैल करा, अडॅप्टर फिरवून बसवा, मग हवा भरा. दुकानदाराला आधीच सांगा की थोडी-थोडी सोडा. रोडच्या ट्यूबमध्ये जागाच इतकी कमी असते की ट्रॅक्टरच्या सवयीनं नळी दाबून धरली तर ट्यूब काही सेकंदांत फुटते.

तरी दुकानाच्या भरवशावर राहू नका. सोबत हे हवंच: दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप, पॅच, अॅलन की, आणि चेनसाठी एक जोडकडी.

ट्यूब बदलण्याआधी पंक्चर का झालं ते शोधा, नाहीतर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाईल. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवायची सवय ठेवा. मग ट्यूबमधलं भोक टायरवर नेमकं कुठे येतं ते लगेच कळतं. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच. बाभळीचा काटा टायरच्या आतच मोडून बसतो, वरून दिसत नाही. आतून बोटं हळूच फिरवा, टोचेल. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. भोक रिमच्या अंगाला असेल तर रिम टेप, म्हणजे रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप मारताना व्हॉल्व्ह ओढला गेला. पुढच्या वेळी दुसऱ्या हातानं टायर आणि पंप एकत्र धरा.

टायरच फाटला आणि चिरेतून ट्यूब फुगून बाहेर येते आहे? दुधाची रिकामी पिशवी चार घड्या करून आतून लावा आणि हवा नेहमीपेक्षा कमी भरा. घरापर्यंत येते.

पावसाळ्यात जावं का?

जावं, पण कुठे ते निवडून. खानापूर-पानशेत आणि पौडपर्यंतचा रस्ता साध्या पावसात ठीक. मुळशीच्या पुढे ताम्हिणी घाटात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस प्रचंड पडतो, दरडी येतात आणि प्रशासन अधूनमधून घाट किंवा पर्यटनस्थळं बंद करतं. हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज इशारा असेल त्या दिवशी कुठल्याही घाटात जाऊ नका. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल उचलूनही पलीकडे जाऊ नका. पोटरीएवढं वाहतं पाणी माणसाला पाडतं.

भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलणी करून खाचरातून थेट रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल शंभर-दोनशे मीटर सांडत जातात. वळणावर तो लाल-काळा थर दिसला की ब्रेक नको, सायकल सरळ ठेवा, पेडल मारणं थांबवा आणि जाऊ द्या. पांढरे पट्टे आणि रबरी स्पीडब्रेकर ओले असताना तसेच घसरडे असतात.

रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे फक्त पाणी पुसण्यात जातात, पकड नंतर येते. म्हणून उतारावर अधूनमधून ब्रेक हलका टेकवत रहा. पावसात ब्रेक पॅड फार लवकर झिजतात. रेती अडकून खरखर आवाज येत असेल तर पॅडमधले बारीक धातूचे कण टोकदार वस्तूनं काढा, ते रिम खातात.

खायचं-प्यायचं काय?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. उन्हाळ्यात त्याहून जास्त. दीड तासाच्या पुढे राइड जाणार असेल तर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला दोन केळी, किंवा एक केळं आणि चार-पाच खजूर. राजगिऱ्याची चिक्की खिशात उत्तम टिकते. शेंगदाण्याची मध्येच खाल्ली तर जड पडते. भूक लागायची वाट बघू नका, पहिल्या पाऊण तासातच सुरू करा. मिसळ आणि वडापाव परतीच्या टप्प्यावर. चढाच्या आधी तेलकट खाल्लं तर ते वर येतं.

एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला. कमी पाण्यात दाट केलं तर पोट बिघडतं. उसाचा रस, ताक, लिंबू सरबत रस्त्यात सगळीकडे मिळतं. बर्फ मात्र घालू देऊ नका. पौडनंतर कोळवण खोऱ्यात आणि पाबे घाटात बराच वेळ दुकान लागत नाही, म्हणून आधी दोन्ही बाटल्या भरून घ्या.

एप्रिल-मेमध्ये?

नऊच्या आत घरी. डोकं दुखायला लागलं, घाम येणं थांबलं किंवा अंगावर काटा आला तर सावलीत थांबा, डोक्यावर-मानेवर पाणी ओता आणि राइड तिथंच संपवा.

धरणात पोहता येईल का?

नाही. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, आणि काठाचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत पाय रुततो. काठ एकदम खोल होतो. सायकलचे कपडे आणि थकलेले पाय यांनी पोहणं आणखी अवघड.

सपाट रस्ता हवा आहे, चढ नकोत.

मग पूर्वेला जा. सोलापूर रस्त्यानं भिगवण, उजनीचं बॅकवॉटर, सुमारे १०० किलोमीटर एका बाजूनं. हिवाळ्यात रोहित पक्षी असतात. पण याच काळात ऊसतोडीचा हंगाम असतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना दुसरी ट्रॉली डोलते, तिच्यापासून एक सायकलभर जास्त अंतर ठेवा, आणि त्याच्या मागे सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घालू नका.

कुत्री मागे लागतात.

वेग कमी करा, पाणी उडवा, गरज पडल्यास उतरून सायकल मध्ये धरा. पळालात की तीही पळतात. चावलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ग्रामीण रुग्णालयात ती मिळते.

मोबाइलला रेंज असते का? काही झालं तर?

पाबे घाट आणि ताम्हिणीच्या पुढे रेंज येते-जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून निघा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीसाठी ११२. ठिकाण सांगताना नकाशावरचा आकडा नको, जवळचं गाव आणि फाटा सांगा. गावातल्या माणसाला फोन दिलात तर तो अचूक सांगतो.

लोकलमधून सायकल आणता येते का?

पुणे-लोणावळा लोकलच्या मालडब्यात आणता येते, सामानाचं तिकीट काढून. कामशेत, वडगाव, तळेगाव ही सोयीची स्टेशनं. दुपारी गाड्यांमध्ये मोठा खंड असतो, म्हणून वेळापत्रक आधी बघा. दूधवाल्यांचे कॅन आधी आत जाऊ द्या, मग सायकल चढवा. चेनची बाजू भिंतीकडे करून उभी करा, नाहीतर कॅन डिरेल्युअरवर आदळून तो अडकवायचा हँगर वाकतो आणि घरी जाताना सगळ्यात हलक्या गिअरला डिरेल्युअर स्पोकमध्ये शिरतो.

परत आल्यावर सायकलचं काय करायचं?

कोरड्या दिवसानंतर चेन फडक्यानं पुसा, एवढंच. पावसातून आलात तर त्याच दिवशी, आंघोळीआधी: कमी दाबाच्या पाण्यानं चिखल धुवा, चेन पुसून वाळवा, प्रत्येक कडीला एक थेंब तेल, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा हबवर आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगवर मारू नका. पाणी आत जाऊन ग्रीस निघून जातं. सीटपोस्ट वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. कार्बन असेल तर ग्रीसऐवजी त्याची वेगळी पेस्ट वापरा. आणि फ्रेम उलटी करून आत साचलेलं पाणी ओतून द्या. पवना फेरी पावसात केली असेल तर ते निघतंच.